जुनी ऑडिओ उपकरणं न पाहता ऑनलाइन घेताना: पैसे देण्याआधी काय काय मागून घ्यावं?

तबकडी (धागाकर्ता)

मंडळी, बऱ्याच विचारानंतर जुन्या उपकरणांचा संच जमवायचं ठरवलं आहे. टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवणारं यंत्र), इंटिग्रेटेड अँप (सगळं एकाच डब्यात असलेला अँप्लिफायर) आणि स्पीकरची जोडी, तिन्ही सेकंडहँड. जाऊन, कानांनी ऐकून घ्यावं असं जवळपास काही मिळत नाही. त्यामुळे तिन्ही वस्तू दूरच्या विक्रेत्यांकडून, जाहिरात बघून घ्याव्या लागणार.

या विषयावर शोधलं की "विक्रेता विश्वासू आहे का ते बघा" एवढंच सापडतं. ते बघायचं कसं, हे कुणी सांगत नाही. शिवाय विक्रेता प्रामाणिक असूनही वस्तू बिघडलेली असू शकते. आपल्याच स्पीकरचा एक ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) बंद पडला आहे हे कित्येकांना वर्षानुवर्षं कळत नाही. म्हणजे प्रश्न दोन आहेत: माणूस खरा आहे का, आणि वस्तू धड आहे का. दोन्हींची उत्तरं वेगवेगळी शोधावी लागतात.

मी मनाशी एक नियम केला आहे. वस्तू घरी आल्यावर जे जे तपासणार, ते सगळं पैसे देण्याआधी विक्रेत्याच्या हातून, कॅमेऱ्यासमोर तपासून घ्यायचं.

सुरुवात फोटोंपासून. जाहिरातीतले फोटो इमेज सर्चमध्ये टाकले की ते दुसऱ्या जाहिरातीतून उचलले असतील तर बरेचदा तिथेच कळतं. पूर्वी उपकरणावर तारीख आणि आपलं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो मागवला की पुरायचं. आता तशी चिठ्ठी फोटोत घुसवणं फार सोपं झालं आहे, म्हणून मी थेट व्हिडिओ कॉल मागतो. त्यातही आधी तयारी करता येणार नाही असं काहीतरी सांगायचं: "मागची बाजू दाखवा, सीरियल नंबरवर कॅमेरा धरा, आता बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या, आता दुसरं गाणं लावा." वस्तू समोर असेल त्याला हे पाच मिनिटांचं काम आहे.

सध्या नजरेत आहेत टेक्निक्स एसएल-१२०० एमके२, सत्तरच्या दशकातला एक जपानी अँप आणि ऐंशीच्या दशकातले बुकशेल्फ स्पीकर. पैसे कसे द्यावेत, अँप-स्पीकरमधले लपलेले दोष कसे पकडावेत आणि सामान फुटू नये म्हणून काय सांगावं, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

निषाद

चांगला धागा. पैशांबद्दल मी लिहितो, बाकीचं जाणकार लिहितीलच.

पैसे देण्याच्या प्रत्येक पद्धतीला एकच प्रश्न विचारायचा: वस्तू आलीच नाही तर हे पैसे परत मागायला दार कुठलं? विक्री होते त्या संकेतस्थळाने पैसे स्वतःकडे धरून ठेवले आणि वस्तू पोचल्यावर विक्रेत्याला दिले, तर ते उत्तम. क्रेडिट कार्डाने दिले तर बँकेकडे तक्रार करून व्यवहार उलटवण्याची सोय असते. थेट खात्यावर पाठवलेले पैसे मात्र बहुतेक वेळा गेले ते गेले. पेपॅलवर "मित्र आणि कुटुंब" या प्रकाराने पाठवलेल्या पैशांना खरेदीचं संरक्षण नसतं. नेमका तोच पर्याय "शुल्क वाचेल" म्हणून सुचवणारा विक्रेता भेटला की मी तिथेच नमस्कार करतो.

संभाषण मूळ संकेतस्थळाबाहेर नेऊ नका. "इकडे नको, मला मेसेज करा" यात विक्रेत्याची सोय असेल, पण वाद झाला तर तुमच्या बाजूने दाखवायला काही उरत नाही. "सुरक्षित मध्यस्थ" म्हणून विक्रेत्याने पाठवलेल्या लिंकवर कधीही पैसे भरू नका. हुबेहूब दिसणारी खोटी पानं सर्रास असतात. मध्यस्थ सेवा वापरायचीच असेल तर पत्ता स्वतः टाइप करून तिथे जा.

टोकनबद्दल. "थोडीशी रक्कम पाठवा, तुमच्यासाठी बाजूला ठेवतो" हे फार गोड वाटतं. फसवणाऱ्याला ती छोटी रक्कम नको असते, त्याला तुमची गुंतवणूक हवी असते. एकदा टोकन गेलं की पाठवणीचा खर्च, मग विमा, मग कुठलासा परत मिळणारा आकार अशी एकेक मागणी येते आणि आधीचे पैसे वाचवायला माणूस पुढचे देत राहतो. वस्तूची खात्री पटेपर्यंत एक पैसाही नाही, आणि पटल्यावर संरक्षण असलेल्या मार्गाने पूर्ण रक्कम. मधली पायरी नको.

विकणाऱ्यांसाठीही एक: पैसे मिळवायला पिन किंवा ओटीपी लागत नाही. "हा क्यूआर स्कॅन करा, पैसे जमा होतील" म्हणणारा तुमच्याकडून पैसे काढतोय. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. खात्यात जमा दिसले की मगच वस्तू बाहेर.

दुरुस्तीवाला

अँपबद्दल लिहितो, जरा लांबेल.

जुना अँप "चालतो" याचा अर्थ पुष्कळदा "दिवा लागतो" इतकाच असतो. व्हिडिओ मागताना तो बंद अवस्थेपासून सुरू करायला सांगा. चालू केल्यावर काही सेकंदांनी आतून "टक्" असा रिलेचा (स्पीकर आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा) आवाज यायला हवा. ज्या अँपमध्ये संरक्षणाचा रिले आहे त्यात हा आवाज आलाच नाही, तर अँप स्वतःला बिघडलेला समजून स्पीकर तोडून बसला आहे. मग दिवे कितीही सुंदर दिसोत. त्यानंतर आवाजाचा नॉब शून्यापासून अर्ध्यापर्यंत सावकाश फिरवायला सांगा, मग बॅलन्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग प्रत्येक इनपुट. नॉब फिरवताना खरखर झाली तर घाबरू नका, ती स्वच्छ करता येते. पण एक बाजू मधूनच गायब होत असेल आणि नॉबला टिचकी मारल्यावर परत येत असेल, तर ती रिलेची, स्विचची किंवा सुटलेल्या सोल्डरची गोष्ट असते आणि ते शोधायला वेळ जातो.

महत्त्वाचं म्हणजे अँप तासभर चालल्यानंतर नॉब फिरवण्याचा हाच व्हिडिओ पुन्हा मागा. थंड असताना निरोगी वाटणारे अनेक दोष गरम झाल्यावर बाहेर येतात.

विक्रेत्याकडे मल्टिमीटर असेल तर डीसी ऑफसेट (गाणं नसतानाही स्पीकरकडे जाणारं डीसी व्होल्टेज) मोजून घ्या. स्पीकर काढलेले, आवाज शून्यावर, अँप काही मिनिटं चालू. स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मिलिव्होल्टमध्ये मोजायचं, दोन्ही बाजू वेगवेगळ्या. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. १०० च्या वर असेल तर काम निघणार असं धरा. व्होल्टमध्ये आकडा आला तर तो अँप तुमच्या स्पीकरची कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) जाळेल.

इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर म्हातारे होतात, चालवले तरी आणि नुसते पडून राहिले तरी. तापमान दर १० अंशांनी कमी झालं की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा आमच्याकडे ढोबळ हिशेब आहे. म्हणून बंद कपाटात तापत राहिलेला अँप आणि मोकळ्या हवेत ठेवलेला अँप यांत फरक पडतो. तेव्हा तो कुठे ठेवला होता हेही विचारा.

"सगळे कंडेन्सर बदलले आहेत" असं जाहिरातीत असेल तर आतले फोटो आणि कारागिराचं बिल मागा. काम चांगलं की वाईट ते सोल्डरवर दिसतं. आउटपुट ट्रान्झिस्टर बदललेले असतील तर जास्त सावध. तोशिबाचे २एससी५२०० आणि २एसए१९४३ यांच्या नकला बाजारात भरपूर आहेत. कमी आवाजात त्या चालतात, जोर दिला की जातात. सान्योचे एसटीके मॉड्यूल (आउटपुटचं सर्किट एकाच तुकड्यात) असलेल्या अँपचीही तीच गत. अस्सल मॉड्यूल बनणं थांबलं आहे आणि नवं म्हणून मिळणारं बरेचदा बनावट निघतं. असा अँप मूळ मॉड्यूलवर चालत असेल तरच घ्यावा, असं माझं मत आहे.

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच जपानी यंत्रांत मोठे कंडेन्सर जागच्या जागी राहावेत म्हणून डिंकासारखा पदार्थ लावलेला असे. तो जुना झाला की तपकिरी होतो, शेजारच्या पार्टांचे पाय खातो आणि वीजही वाहून नेऊ लागतो. आतल्या फोटोत तो कुठे कुठे पसरला आहे ते बघा.

एक कळकळीची सूचना. ज्याला या कामाची सवय नाही त्या विक्रेत्याला "झाकण उघडून फोटो काढा" असं सांगू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये भार राहतो. फोटोपेक्षा माणूस मोलाचा आहे.

रात्रपाळी

माहिती उत्तम, पण एक शंका. एवढं सगळं मागितलं तर विक्रेता "नको हे गिऱ्हाईक" म्हणून दुसऱ्याला देऊन टाकेल ना? चांगली वस्तू जाहिरात आल्या आल्या जाते.

मंद्रसप्तक

@रात्रपाळी, मी घेतो तसा विकतोही, म्हणून विकणाऱ्याच्या बाजूने सांगतो. मला त्रास होतो तो रोज एकेक प्रश्न पाठवणाऱ्याचा. ज्याने एकाच निरोपात नीट लिहून विचारलं, आणि "हे सगळं ठीक निघालं तर मी या किमतीला घेतो" असं आधीच सांगितलं, त्याच्यासाठी मी आनंदाने तासभर घालवतो. कारण तो माल पोचल्यावर वाद घालणार नाही. असे व्हिडिओ माझंही रक्षण करतात. पाठवण्याआधी मी सीरियल नंबर, मागची टर्मिनलं आणि पॅकिंग हे सगळं चित्रित करून ठेवतो. कुणी स्वतःचं बिघडलेलं यंत्र परत पाठवून "हेच आलं" म्हणू नये म्हणून.

"दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, संध्याकाळपर्यंत सांगा" हे खरंही असू शकतं. असू द्या. त्या वस्तूसारखी दुसरी पुन्हा येते.

आता स्पीकर. ऐंशीच्या दशकातले म्हणताय तर सगळ्यात आधी वूफरच्या (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या कोनाच्या) कडेची पट्टी बघा. ती फोमची असेल तर साधारण पंधरा-वीस वर्षांत भुरभुरीत होते, वापरले असोत वा नसोत. रबराची असेल तर बरीच जास्त टिकते. लांबून काढलेल्या फोटोत दोन्ही सारखीच काळी दिसतात. म्हणून जाळी काढून, टॉर्चचा उजेड तिरपा टाकून जवळून फोटो मागा, आणि पट्टीवर बोट हलकेच टेकवून दाखवायला सांगा. फोम गेलेला असेल तर बोटाला चिकट भुगा लागतो. हा दोष वाईट नाही, नवी पट्टी बसवता येते, फक्त किंमत त्या हिशेबाने ठरवायची. वाईट ते, की पट्टी गेलेली असताना कुणीतरी मोठ्या आवाजात वाजवलं आणि कॉइल घासली. त्यासाठी कोनाच्या मध्याभोवती चार बोटं सारख्या अंतरावर टेकवून कोन अलगद आत ढकलायला सांगा, माइक जवळ धरून. आत-बाहेर होताना खर्रर्र आवाज आला तर कॉइल घासते आहे.

मल्टिमीटर असेल तर वूफरचा रोध मोजता येतो. आठ ओमच्या स्पीकरला मीटरवर साधारण साडेपाच ते सात ओम दिसतात, चारच्या स्पीकरला तीन-साडेतीनच्या आसपास. आकडा आठ नाही म्हणून खराब समजू नका. पण लक्षात ठेवा, मागच्या टर्मिनलवर मीटर लावून ट्वीटरची परीक्षा होत नाही, कारण मधे क्रॉसओव्हरचा (वूफर-ट्वीटरमध्ये सूर वाटणाऱ्या सर्किटचा) कंडेन्सर असतो आणि तो डीसी अडवतो. मीटरला फक्त वूफर दिसतो. ट्वीटरसाठी कमी आवाजात गाणं लावून फोन प्रत्येक ट्वीटरच्या अगदी समोर धरायला सांगा. झांजेचा, टाळांचा आवाज दोन्हीकडे सारखा यायला हवा.

दोन्ही स्पीकरचे सीरियल नंबर मागा. लागोपाठचे असतील तर छान. खूप लांबचे असतील तर जोडी नंतर जुळवलेली असू शकते. मग दोन्हींचे ड्रायव्हर (आतले वूफर-ट्वीटर) एकाच बनावटीचे आहेत का ते विचारा.

अवांतर, पण जिवाशी संबंधित: यामाहाचे एनएस-१०००एम (१९७४) कुणी घेत असेल तर त्यातल्या मधल्या आणि वरच्या सुरांच्या घुमटाकार ड्रायव्हरचे पडदे बेरिलियमचे आहेत. ते तुटले तर त्याची धूळ विषारी असते. पडदा फुटलेली जोडी आणून घरी ठाकठीक करायच्या भानगडीत कुणी पडू नये.

टेपरेकॉर्डर

कॅसेट डेकबद्दल थोडक्यात. जुन्या डेकचे रबरी बेल्ट वितळून डांबरासारखे होतात, त्यामुळे "फक्त बेल्ट बदलायचा आहे" हे वाक्य जाहिरातीत नेहमी दिसतं. कधी ते खरं असतं. कधी बेल्ट बदलल्यावर कळतं की आयडलर चाकाचं रबर, टेप ओढणारा पिंच रोलर आणि मोटर, सगळंच मागे लागलं आहे. जे चालत नाही त्याचं कारण विक्रेत्याने सांगितलं म्हणून खरं धरू नका. व्हिडिओत प्ले, पुढे, मागे, आणि पाच मिनिटं रेकॉर्ड करून लगेच ऐकवणं हे सगळं हवं. हेडचा जवळून फोटो घ्या. टेप घासून खोल चर पडली असेल तर पुढचा खर्च मोठा आहे. नाकामिची ड्रॅगन (१९८२) सारखी यंत्रं तर ज्याने ती आधी उघडली आहेत असा कारागीर माहीत असल्याशिवाय घेऊच नयेत.

तबकडी

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचनखूण साठवून ठेवावी असे प्रतिसाद आले आहेत.

थोडी प्रगती. मंद्रसप्तक यांनी सांगितल्याप्रमाणे एकच सविस्तर निरोप लिहून तिन्ही विक्रेत्यांना पाठवला. स्पीकरवाल्या काकांनी दुसऱ्याच दिवशी तिरप्या उजेडातले फोटो पाठवले. पट्टी फोमची आहे आणि एका वूफरला बारीक भेग आहे. काकांना स्वतःलाही ती दिसली नव्हती, त्यांनी आपण होऊन किंमत कमी केली. कॉइल घासत नाही, ट्वीटर दोन्ही सारखे. हे घेतोय.

अँपचा विक्रेता व्हिडिओ कॉलला तयार झाला. सगळं छान चाललं, रिलेचा आवाज आला, खरखर थोडी आहे. पण मागच्या पाटीवर "एसी १००व्ही ५०/६०हर्ट्झ" असं लिहिलेलं दिसलं. माझ्याकडे भिंतीत २३० व्होल्ट. विक्रेता म्हणतो की साधा कन्व्हर्टर लावला की काम होतं. खरं आहे का?

टर्नटेबलवाल्याने अजून उत्तर दिलेलं नाही.

दुरुस्तीवाला

बरं झालं पाटी वाचलीत. तो अँप जपानच्या अंतर्गत बाजारासाठी बनला आहे. तिथे वीज १०० व्होल्टची आहे. तो थेट २३० वर लावला तर एका क्षणात जाईल. "साधा कन्व्हर्टर" म्हणून प्रवासासाठी जी हलकी इलेक्ट्रॉनिक डबी मिळते ती अँपसाठी अजिबात वापरू नका. तांब्याच्या गुंडाळ्यांचा, वजनदार स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवा. त्याची क्षमता अँपच्या पाटीवरच्या वॅटपेक्षा भरपूर जास्त हवी, आणि आउटपुट १०० व्होल्टच हवं. ११०-१२० चे ट्रान्सफॉर्मर सहज मिळतात म्हणून लोक तेच लावतात. मग १०० चा अँप कायम दहा-वीस टक्के जास्त दाबावर चालतो, गरम होतो, आणि आधीच म्हातारे झालेले कंडेन्सर लवकर जातात.

काही मॉडेलांत मागे व्होल्टेज निवडायचा स्विच असतो, ती निर्यातीची आवृत्ती. त्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये कुठल्या आवृत्तीला काय हे लिहिलेलं असतं, हायफाय इंजिन या संकेतस्थळावर पुष्कळ मॅन्युअलं आहेत. ट्रान्सफॉर्मरचा खर्च आणि त्याची जागा धरूनही किंमत परवडत असेल तर हरकत नाही. मी असतो तर २३० ची आवृत्ती मिळेपर्यंत थांबलो असतो.

निषाद

याला जोडून: वीज फक्त व्होल्टची गोष्ट नाही. जुन्या बेल्टवाल्या अनेक टर्नटेबलांची सिंक्रोनस मोटर विजेच्या वारंवारतेवर फिरते. ६० हर्ट्झसाठी बनलेली मोटर ५० वर लावली तर वेग एक षष्ठांशाने पडतो, ३३⅓ च्या जागी २८ च्या आसपास फेरे. ट्रान्सफॉर्मरने हे सुधारत नाही, पुली बदलावी लागते. एसएल-१२०० एमके२ ला ही अडचण नाही, त्यात डायरेक्ट ड्राइव्ह आहे (बेल्ट नाही, मोटरच ताटली फिरवते) आणि वेग क्वार्ट्झवर बांधलेला आहे. व्होल्टेज मात्र तिथेही बघाच.

आणि कुणी जपानी ट्यूनर किंवा रिसीव्हर घेत असेल तर तिथला जुना एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ आहे. इतरत्र बहुतेक स्टेशनं ८७.५ ते १०८ मध्ये असतात. यंत्र ठणठणीत असूनही रेडिओवर जवळपास काहीच लागणार नाही.

रात्रपाळी

टर्नटेबलच्या प्रश्नाचं उत्तर आलं नसेल तर मीच विचारतो. वेग बरोबर आहे का ते व्हिडिओवर कसं कळणार? एमके२ च्या ताटलीच्या कडेला ठिपके असतात ना, ते स्थिर दिसले की झालं?

मंद्रसप्तक

डोळ्यांनी बघताना हो, वेगाचा नॉब शून्यावर असताना मोठ्या ठिपक्यांची रांग स्थिर दिसायला हवी. व्हिडिओवर मात्र तो पुरावा धरू नका. कॅमेरा सेकंदाला ठरावीक चित्रं घेतो, ठिपक्यांवर पडणारा स्ट्रोबचा दिवा वेगळ्या लयीत लुकलुकतो, दोन्ही मिळून ठिपके सरकताना दिसू शकतात किंवा नसताना स्थिर दिसू शकतात. खात्रीचा उपाय साधा आहे. ताटलीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवायला सांगा आणि सलग तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. ३३⅓ च्या वेगाने तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे होतात. दीडपट वेगाने व्हिडिओ पाठवून कुणी फसवेल असं वाटत असेल तर शेजारी घड्याळ ठेवायला सांगा.

एसएल-१२०० १९७२ चं, एमके२ १९७९ चं. २०१० मध्ये बनणं थांबलं आणि २०१६ मध्ये नव्या रूपात परत सुरू झालं. इतकी वर्षं बनल्यामुळे यंत्रं भरपूर आहेत, सुटे भाग मिळतात, म्हणून घाई करायचं कारणच नाही. ही बरीच यंत्रं डीजेंनी वापरलेली असतात. पिचचा (वेग कमी-जास्त करणारा) सरकता नॉब मधल्या भागात अडखळतो का, आणि सुई बसवलेलं हेडशेल दोन बोटांत धरून अगदी अलगद हलवल्यावर टोनआर्मच्या (सुईच्या दांड्याच्या) बेअरिंगमध्ये खडखड लागते का, हे दोन्ही बघा. खडखड असेल तर सोडून द्या.

सुई नवी आहे असं सांगितलं तरी हिशेबात नवी सुई धरूनच किंमत ठरवा. साधारण ५०० ते १००० तास वाजली की सुई झिजलेली समजतात, आणि किती तास वाजली हे विक्रेत्यालाही सांगता येत नाही. झिजलेली सुई तुमच्या चांगल्या रेकॉर्डच्या खोबणी कायमच्या खरवडते, म्हणून इथे काटकसर नको.

खोक्यात_खोकं

पाठवणीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सगळं खरं, सगळं धड, आणि शेवटी कुरियरमध्ये चुरा, असं फार होतं. विक्रेत्याला पॅकिंग येतं असं गृहीत धरू नका, पैसे देण्याआधी लेखी सूचना द्या.

टर्नटेबल: ताटली काढून वेगळी गुंडाळायची. ती जागेवर ठेवून पाठवली तर वजनाने स्पिंडल आणि बेअरिंगवर मार बसतो. टोनआर्मच्या मागचं वजन (काउंटरवेट) काढायचं, हेडशेल काढून सुईला टोपी घालून वेगळ्या डबीत, टोनआर्म त्याच्या खाचेत मऊ दोरीने बांधायचा. झाकण वेगळं. स्प्रिंगवर तरंगणारं यंत्र असेल तर वाहतुकीचे स्क्रू घट्ट करायचे. हरवले असतील तर विक्रेत्याला आधीच सांगू द्या.

अँपचं जवळजवळ सगळं वजन एका कोपऱ्यात, ट्रान्सफॉर्मरमध्ये असतं. थर्माकोलचे सुटे गोळे भरले तर अँप त्यांतून खाली सरकत थेट तळाला टेकतो. घट्ट फोमच्या लाद्या हव्यात, सगळ्या बाजूंनी किमान पाच सेंटिमीटर, आणि खोक्यात खोकं. पुढच्या नॉबांवर कुठलाही दाब येता कामा नये. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अँप असेल तर व्हॉल्व्ह काढून, नंबर टाकून वेगळे. "नाजूक" असं लिहिण्यावर विसंबू नका, खोकं कमरेच्या उंचीवरून पडणार असं धरूनच बांधायचं.

कुरियरच्या पावतीवरचं वजन मागा. एसएल-१२०० एमके२ नुसतंच साधारण १२ किलो भरतं. पावतीवर तीन किलो दिसलं तर खोक्यात टर्नटेबल नाही. आल्यावर खोकं सहा बाजूंनी दाखवत, पावती दाखवत, सलग एकाच व्हिडिओत उघडा. आणि सगळं वाजवून बघेपर्यंत पॅकिंग टाकू नका. नुकसानभरपाई मागायची वेळ आली तर कुरियरवाले पॅकिंग बघायला मागतात, आणि तक्रारीची मुदत फार कमी असते.

हेडफोन_प्रेमी

हेडफोन आणि माइकबद्दल एकच मुद्दा. इथे बिघाडापेक्षा नकलीची भीती मोठी. १९६६ पासून बनत असलेला शुअरचा एसएम५८ हा सगळ्यात जास्त नक्कल झालेल्या माइकांपैकी आहे. अस्सल सुमारे ३०० ग्रॅम भरतो, म्हणून स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवून फोटो मागा. वजन जमलं म्हणजे अस्सल असं नाही, पण बरंच कमी भरलं तर नक्की नकली. खरेदीचं मूळ बिल आणि सीलबंद खोक्याचे फोटो नकली मालासोबतही येतात, त्यांवर भिस्त ठेवू नये.

वायफायवाले स्पीकर घेणाऱ्यांनी आधीच्या मालकाच्या खात्यातून यंत्र काढून टाकलं आहे का, आणि कंपनीचं अॅप त्या मॉडेलला अजून चालतं का, हे तपासावं. सोनोसने २०२० मध्ये जुन्या आणि नव्या यंत्रांसाठी दोन वेगळी अॅप केली. जुनं यंत्र घेऊन नव्यांसोबत जोडायला जाल तर जमणार नाही.

तबकडी

अँप सोडला. विक्रेत्याला स्पष्ट सांगितलं की यंत्र चांगलं आहे पण माझ्या विजेला जमणार नाही. तो समजूतदार निघाला.

टर्नटेबलवाल्याचं उत्तर आलं. कॉल नको म्हणाला, "कॅमेरा खराब आहे". फोटो पाठवले पण सीरियल नंबरची पाटी प्रत्येक फोटोत कापलेली. किंमत न मागता कमी केली आणि थेट खात्यावर पाठवायला सांगितलं. मी नाही म्हटलं. त्याच मॉडेलची दुसरी जाहिरात सापडली आहे, किंमत थोडी जास्त, पण विक्रेत्याने मागण्याआधीच कपटा चिकटवलेल्या ताटलीचा व्हिडिओ पाठवला. मी मोजले, १०० भरले. खोक्यात_खोकं यांच्या सूचना जशाच्या तशा पाठवल्या आहेत.

अँपसाठी २३० व्होल्टचा दुसरा एक मिळतोय, ऑफसेट डावीकडे १२ आणि उजवीकडे ३१ मिलिव्होल्ट सांगितला आहे. तो वर्षभर बंद पडून होता असं विक्रेता म्हणतो. आल्यावर पहिल्यांदा चालू करताना काय काळजी घ्यावी?

दुरुस्तीवाला

आकडे चांगले आहेत, घ्या.

खोकं आल्याबरोबर प्लग लावू नका. बाहेर गारठा किंवा दमटपणा असेल तर आत पाणी धरतं. खोली आणि यंत्र एका तापमानाला येऊ द्या, रात्रभर ठेवलंत तरी चालेल. आधी हलवून बघा, आत काही सुटं खडखडतंय का. खडखडत असेल तर चालू न करता मला इथे सांगा.

पहिल्यांदा चालू करताना स्पीकर जोडू नका. आम्ही अशा वेळी जुना तंतूचा ६० किंवा १०० वॅटचा बल्ब अँपच्या ओळीत लावतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर आत शॉर्ट नाही. प्रखर पेटलेलाच राहिला तर लगेच बंद. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. हे जोडणं विजेचं काम येणाऱ्यानेच करावं. तुम्हाला सवय नसेल तर जवळच्या कारागिराकडे नेऊन पहिलं चालू करणं त्याच्या टेबलावर करून घ्या.

मग अर्धा तास नुसता चालू ठेवा, वरून हात लावून कुठला एक भाग जास्त तापतोय का बघा, जळका वास येतोय का बघा, आणि ऑफसेट पुन्हा मोजा. विक्रेत्याच्या आकड्यांच्या आसपास आला तर आधी एखादा जुना, गेला तरी चालेल असा स्पीकर जोडा, काकांचे स्पीकर नंतर. त्यांच्या पट्ट्या बदलून येईपर्यंत तसेही ते वाजवू नका. मोजलेले आकडे इथे टाका.